बादचा अर्थ

२१ एप्रिल, सोमवार

सकाळी आल्या आल्या भय्यांनी, म्हणजे धाकट्या मालकांनी, केबिनमध्ये बोलावलं. बस म्हणाले नाहीत. "दीपक, तो तुझा क्वेरी लिहायचा जुना एडिटर आता बास झाला. एआयवाला घेऊ. आपण साध्या मराठीत विचारायचं, क्वेरी तो लिहिणार, डेटा काढून देणार. मार्केटमध्ये ढीगभर आहेत. तीन बघ, एक निवड. पंधरा मेच्या आत."

"मी निवडू?"

"मंग कोण? क्वेरी तूच लिहितो ना."

सवत बघायला बायकोलाच धाडल्यासारखं.

चार वर्षं या बियाणे कंपनीत आहे. काम एकच. कोणी विचारतं, मंठ्याला सोयाबीनचे किती लॉट पाठवता येतील. मी क्वेरी लिहितो, म्हणजे डेटाबेसला त्याच्या भाषेत प्रश्न घालतो, यादी छापून देतो. अजून टेंपररी. दर तीस जूनला नेमणुकीचं पत्र संपतं, एक तारखेला नवं मिळतं. मिळतं म्हणजे आतापर्यंत मिळालं.

संध्याकाळच्या गाडीनं बदनापूर. आईला सांगितलं. आई म्हणाली, "निवडायला लावलं म्हंजी साहेबच झाला की रे." आमटी चांगली होती.

२३ एप्रिल, बुधवार

तीन ठरवले. खरी नावं इथं लिहीत नाही. क, ख, ग.

क म्हणजे जुन्याच एडिटरला एआयची खिडकी बाजूला चिकटवलेली. ख ब्राउझरमध्ये चालतो, देखणा आहे, पण आपली माहिती बाहेर कुठंतरी जाते. कुठं जाते ते त्यांच्या पानावर चार वेळा वाचलं, कळलं नाही. ग आपल्याच मशीनवर बसतो. सावकाश. एका उत्तराला चहा पिऊन येता येतं.

काय काय तपासायचं ते ठरवलं. चालवण्याआधी क्वेरी दाखवतो का. पुसण्याआधी विचारतो का. गावांची नावं वेगवेगळ्या स्पेलिंगनं पडलेली आहेत ती ओळखतो का (बदनापूरच पाच प्रकारे आहे, तीन माझ्या आधीचे, दोन सेल्सवाल्यांचे, माझा एकही नाही). आणि शेवटचं, सर्वांत मोठं: कॉलमची नावं कळतात का.

त्यासाठी चाळीस प्रश्न काढतोय. सव्वीस झाले.

२८ एप्रिल, सोमवार

कॉलमची नावं. हसू का रडू.

डेटाबेस माझ्या आधीच्या कुलकर्णी काकांनी बांधलेला. नावं मराठी, अक्षरं इंग्रजी. तेव्हा त्यांना वाटलं असेल, वाचणारा जालन्याचाच असणार. तिन्ही एडिटर पहिल्यांदा जोडले की प्रत्येक कॉलमचा अर्थ स्वतःच लावतात. ख नं pot म्हणजे कुंडी लावला. गोदामात अठरा हजार कुंड्या. vaan म्हणजे मालवाहू गाडी. म्हणजे एका गाडीची उगवण ब्याऐंशी टक्के.

इथपर्यंत गंमत. पुढं baad. लॉटच्या तक्त्यात या कॉलममध्ये तारीख पडली, की त्या दिवशी तो लॉट बाद. रिकामं असेल तर चांगला. शाळेत क्रिकेट खेळलेल्या कोणालाही कळेल. क नं अर्थ लावलाच नाही, जागा कोरी सोडली. ग नं लिहिलं, 'मला खात्री नाही, याचा अर्थ सांगाल का?' ख नं लिहिलं, 'बाद म्हणजे नंतर. या तारखेनंतर लॉट विक्रीसाठी मोकळा.' हिंदी शिकून आलेला दिसतो.

म्हणजे बरोबर उलटा.

लॅबमध्ये जाऊन नजीरचाचांना सांगितलं. उगवण चाचणी तेच घेतात, तीस वर्षं. लॉट पडला की लाल शाईनं कार्डावर 'बाद' लिहून थप्पीला लावतात, मग मी तारीख भरतो. चाचा खूप हसले. "गलत क्या बोल्या वो? मेरे घर में बाद बोले तो बाद में. कंपनी में बाद बोले तो खलास. मेरेकू दोनों मतलब आते, उसकू एकच आता. छोटा बच्चा है, सिखाव उसकू."

कुलकर्णी काकांनी कामगारांच्या तक्त्यातही हाच कॉलम ठेवला आहे. लॉट बाद, माणूस बाद, नाव एकच. रिटायर झाले त्या दिवशी स्वतःच्या नावापुढची तारीख त्यांनी स्वतःच भरली आणि मला खुर्ची दिली. "डिग्री नसू दे. क्वेरीतला कंस बंद करायला विसरू नको." बी.सी.एस. दुसऱ्या वर्षी सुटलं त्याला आता पाच वर्षं झाली. कंस एकदाही विसरलो नाही.

३० एप्रिल, बुधवार

चाळीस प्रश्न, तिघांना, दोन-दोनदा.

ख: छत्तीस बरोबर. चार चूक. चुकलेल्या चारही वेळा तितक्याच ऐटीत. ग: एकतीस बरोबर, सात वेळा 'कळलं नाही' म्हणून थांबला, दोन चूक. क मधेच. त्याचं काही विशेष नाही.

मला ग पसंत. कारण इथं लिहून ठेवतो, रिपोर्टात ते बरं दिसणार नाही: त्याला आपल्याला काय येत नाही ते कळतं. मलाही तेवढंच येतं.

रिपोर्ट अकरा पानांचा झाला. पान सात पूर्ण बादवर. 'ख या शब्दाचा उलटा अर्थ लावतो. बाद झालेले लॉट चांगले समजून यादीत येतील.' अधोरेखित केलं. तीनदा वाचून काढला, मग दिला.

३ मे, शनिवार

नवीन मुलगी आली. रूपाली. संभाजीनगरची, इंजिनिअर. परमनंट. माझ्या शेजारचं टेबल. मला सर म्हणाली. मी सांगितलं, सर नका म्हणू. तर दुपारपासून दीपक म्हणायला लागली. मधलं काहीतरी म्हणेल असं वाटलं होतं.

तिनं माझा रिपोर्ट मागून घेतला. परत देताना म्हणाली, "मस्त काम केलंय. फक्त एका ठिकाणी स्पेलिंग..." पान तीन. Existence मध्ये e च्या जागी a पडला होता. अकरा पानांत एक. तिनं चांगल्या मनानंच सांगितलं. म्हणून जास्त लागलं.

घरी येऊन तो शब्द वहीत दहा वेळा लिहिला. लाजिरवाणं आहे, पण लिहिला.

९ मे, शुक्रवार

डेमो. मोठ्या स्क्रीनवर. शेठ, भय्या, सेल्सचे तिघं, रूपाली, मी.

आधी ग. भय्यांनी विचारलं, "मंठा तालुक्यात मागच्या वर्षी सगळ्यात जास्त कोणता वाण गेला?" स्क्रीनवर नुसतं गोल फिरत राहिलं. शेठनी घड्याळ बघितलं. एक सेल्सवाला म्हणाला, "दीपक, याला पण चहा सांग रे एक." सगळे हसले. मग ग नं उलट विचारलं, 'गेला म्हणजे विकला गेला की वाया गेला?' अजून हसले.

प्रश्न बरोबर होता. आमच्याकडं दोन्ही अर्थानं म्हणतात.

मग ख. चार सेकंद. उत्तर, शिवाय रंगीत आलेख. शेठ म्हणाले, "हां. हे." संपलं.

बाहेर पडताना धीर करून म्हणालो, "भय्या, पान सात एकदा..."

"अरे तुझा रिपोर्ट चांगलाय रे. लांबलाय. बारीकसारीक नंतर बघू. टेन्शन नको घेऊ."

माझा रिपोर्ट त्यांच्या टेबलावर होता. त्यावर चहाचा कप.

१२ मे, सोमवार

ख बसला. सगळ्या तक्त्यांचे कॉलम मिळून दोनशे बारा. प्रत्येकापुढं एक चौकट असते. तिच्यात ख चा अंदाज फिकट अक्षरांत दिसतो. आपण खोडून खरा अर्थ लिहायचा आणि बरोबरची खूण करायची. खूण केली की अक्षरं काळी होतात. मग तो तसंच धरून चालतो, पुन्हा विचारत नाही.

भय्या: "हे तुझ्याशिवाय कोणाला जमणार? सगळे अर्थ डोक्यात हायेत तुझ्या. ते एकदा त्याच्या डोक्यात घाल. झालं की तुझं परमनंटचं बघू. प्रॉमिस."

'बघू' आणि 'प्रॉमिस' एकाच वाक्यात.

चार वर्षं जे डोक्यात साठलं ते काढून द्यायचं, आणि मग डोकं कशाला ठेवायचं ते ते ठरवणार. आई म्हणते, "परमनंट म्हन्ले ना? मंग कर की बाबा. जास्त इचार करू नको." आईचं बरोबर असेल.

२० मे, मंगळवार

आठ दिवस. पोत म्हणजे पोतं, कुंडी नव्हे. वाण म्हणजे जात. गाव, थप्पी, उगवण, ठेवा. एकेक लिहिताना ऱ्हस्व-दीर्घ बघून. लॉटचे आणि गोदामाचे झाले, डीलरचे झाले, कामगारांच्या तक्त्यातले शेवटचे थोडे बाकी. हे काम मी चांगलं केलं.

लॉटच्या तक्त्यातला baad राहिला. शेवटी डोकं दुखायला लागलं. उद्या.

२१ मे, बुधवार

काल लिहिलं डोकं दुखत होतं. खोटं आहे. निदान इथं तरी खरं लिहावं.

पंधरा मिनिटं त्या चौकटीकडं बघत बसलो होतो. 'या तारखेनंतर विक्रीसाठी मोकळा.' फिकट अक्षरं. खोडून तीन शब्द लिहायचे, 'लॉट नापास झाला.' लिहिले नाहीत. एक तरी शब्द माझ्याकडं राहू दे, असं वाटलं. कधीतरी अडेल, कोणीतरी माझ्या टेबलापाशी येऊन विचारेल, दीपक, हे काय आहे रे. एवढंच पाहिजे होतं. नुकसान नको होतं कोणाचं.

शिवाय पान सातवर लिहिलेलं आहेच. खूण केलेली नाही, म्हणजे ख विचारल्याशिवाय तो वापरणार नाही. सीझन सुरू व्हायच्या आत भरून टाकेन.

२६ मे, सोमवार

रूपाली सकाळी खुशीत. "दीपक, तुझं थोडं राहिलं होतं ना, मी शनिवारी लॉटवाले सगळे मंजूर करून टाकले. एकदम बटण आहे त्याला. एकच होतं तसं पण. आता त्या तक्त्यात फिकट काही राहिलं नाही बघ."

बघितलं. baad काळ्या अक्षरांत. खाली तिचं नाव, वेळ.

मी म्हणालो, "बरं."

बरं म्हणालो. तेवढंच.

३ जून, मंगळवार

सीझन चढला. गाड्या लागून आहेत. एरवी या दिवसांत माझ्या टेबलापुढं रांग असते, पाणी प्यायला उठता येत नाही. आज एक जण आला, स्टेपलर मागायला.

याद्या रूपालीच्या टेबलावरून निघतात. तीही लिहीत नाही, नुसतं विचारते. मी जुन्या सवयीनं मनात क्वेरी लिहितो आणि तिच्या स्क्रीनशी ताडून बघतो.

लॉट ११७ यादीत येतोय का, ते रोज बघतो. अजून आलेला नाही. एप्रिलमध्ये बाद झालेला, सोयाबीन, उगवण बावन्न. विकायला सत्तर टक्के लागते. साठ पोती मागच्या गोदामात, लाल कार्डाखाली. चाचा असताना ती थप्पी कोणी हलवणार नाही. हमाल यादीपेक्षा चाचांना जास्त मानतात.

अर्थ अजून बदलता येईल. पण आता बदलला तर दिसेल की मला माहीत होतं. वेळ, नाव, सगळं नोंदवलं जातं.

७ जून, शनिवार

बकरी ईद. चाचा सोमवारपर्यंत सुट्टीवर.

अकराच्या सुमारास प्रिंटरवर मंठ्याच्या डीलरची यादी पडली. मी माझा कागद घ्यायला गेलो होतो. सहा लॉट. पाचवा ११७, साठ पोती.

कागद तिथंच ठेवला. पाण्याच्या फिल्टरपाशी जाऊन उभा राहिलो. खिडकीतून मागचं गोदाम दिसतं. हमालानं थप्पीवरचं लाल कार्ड काढलं, इकडंतिकडं बघितलं, विचारायला कोणी नव्हतं. यादी बघितली. कार्ड खाली टाकलं. पोती टेंपोत चढायला अर्धा तास लागला. त्या अर्ध्या तासात मी तीन ग्लास पाणी प्यालो.

पान सातवर आहे. पान सातवर आहे. पान

८ जून, रविवार

घरी. आईनं विचारलं, "काय करून राह्यला रे सकाळपासून? नुसता बसून हाय." काही नाही म्हणालो. दिवसभर एकही शब्द नीट वाचला नाही.

१० जून, मंगळवार

चाचा आले. दहा मिनिटांत माझ्या टेबलापाशी, हातात मातीत मळलेलं लाल कार्ड.

"दीपकबाबू, ये मेरा कार्ड नीचे पड्या था. ऊपर की साठ बोरी किधर गई?"

मला वाटलं होतं, कोणीतरी येऊन विचारेल तेव्हा बरं वाटेल.

सांगितलं. मंठा. चाचांनी माझ्याकडं बघितलं. मग म्हणाले, "तुमकू कब मालूम पड्या?" मी खाली बघितलं. "अच्छा," म्हणाले. मोठ्यानं बोलले असते तर सोपं गेलं असतं.

दुपारी, चाचांनी भय्यांना कळवल्यावर, कंपनीचा टेंपो घेऊन मंठ्याला गेलो. डीलरकडं अठ्ठावन्न पोती तशीच होती. मोजून, लॉट नंबर वाचून चढवली. दोन विकली गेली होती. एकाच्या बिलावर नाव होतं, कौसाबाई, पुढचं गाव. दुसऱ्या बिलावर नाव नाही, गाव नाही, नुसती सही. डीलर म्हणाला, "मोटारसायकलवर आल्ता कोनी. लाल रुमाल होता. आता मंठ्यात लाल रुमाल किती धुंडाळता?"

१२ जून, गुरुवार

काल गाडी मिळाली नाही. आज मोटारसायकलनं कौसाबाईंच्या गावाला. त्याच मार्गावर लाल रुमालवाला विचारत गेलो. दोन भेटले, पण दोघांनीही आमचं पोतं नेलं नव्हतं.

कौसाबाई दारात शेंगा निवडत होत्या. पन्नाशीच्या, खणखणीत आवाज. सांगितलं, मावशी, कंपनीतून आलोय, तुम्ही नेलेलं सोयाबीनचं पोतं बाद आहे, बदलून देतो.

"बाद हाय? आज कळलं व्हय तुमाला?"

आत गेल्या. ओलं गोणपाट गुंडाळलेलं घेऊन आल्या, माझ्यापुढं ओट्यावर उलगडलं. दहा-दहाच्या दहा ओळी. शंभर दाणे. अर्ध्यांना मोड, अर्धे तसेच, काही बुरशी धरलेले.

"मोज."

मोजले. एकावन्न.

"मी बावन्न मोजले. त्यो कोपऱ्यातला तू सोडला." तो अर्धवट होता, पण मोड होता. बावन्न. लॅबमध्ये चाचांनाही बावन्नच आले होते. "चार दिस झाले भिजू घालून. दरसाल घालते. पेरायच्या आधी ज्यानं घातलं न्हाई त्यो येडा." मग विचारलं, "तुमच्याकडं ह्ये बघाया कोनी न्हाई का?"

"आहे मावशी. मशीन बी आहे."

"मशीनला गोनपाट दाखवलं व्हतं का?"

पोतं बदलून दिलं, त्यांनी नव्यातले शंभर दाणे लगेच बाजूला काढले, माझ्यासमोर. निघताना ताक दिलं. म्हणाल्या, "तोंड असं का केलं? तू तर सांगाया आला. न सांगनारे लई असत्यात."

ताक अर्धंच पिऊन भांडं ठेवलं.

१३ जून, शुक्रवार

सकाळी सर्वांत आधी लॉटच्या तक्त्यातला baad दुरुस्त केला. 'लॉट नापास झाला.' खूण केली. खाली माझं नाव आलं, वेळ आली. करायला अर्धं मिनिट लागलं.

दुसऱ्या पोत्यासाठी ख लाच विचारून बघितलं. यादीत नाव नाही तर कोणी नेलं असेल. चार सेकंदांत नाव, गाव, फोन. फोन लावला. तो माणूस दोन वर्षांपासून पुण्यात आहे आणि त्याला शेती नाही. ख ला काही वाटलं नाही.

१८ जून, बुधवार

आज चौकशी. केबिनमध्ये भय्या, रूपाली, मी. चाचा दाराशी.

भय्यांनी स्क्रीन फिरवली. लॉटच्या baad चा इतिहास. २४ मे, मंजूर, रूपाली. तिचा चेहरा पांढरा पडला. "मला... मला वाटलं दीपकनी भरलेलं आहे. मी फक्त..."

"फक्त काय? साठ पोती बाद माल बाहेर गेला."

गप्प बसलो असतो तर निभलं असतं. नोंद तिच्या नावावर होती. माझ्याकडं कोणी बघतही नव्हतं. पण ती रडायला लागली, आवाज न करता, आणि मी म्हणालो, "भय्या, तिची चूक नाही. हे मी आधीच सांगितलं होतं. पान सात."

इथं लिहितो: तिला वाचवायला म्हणालो का स्वतःला, ते मला माहीत नाही. दोन्ही असेल. वाक्याचा दुसरा भाग माझ्यासाठी होता.

भय्यांनी कपाटातून रिपोर्ट काढला. पहिल्यांदा पान सात वाचलं. सावकाश. अधोरेखित केलेलं दोनदा.

"एप्रिलमध्ये लिहिलं हे तू?"

"हो."

"म्हंजे तुला बराबर माहीत होतं."

"हो."

"मंग मे मध्ये अर्थ भरायचं काम तुला दिलं, लॉटच्या तक्त्यातला हाच एक कसा काय राहिला रे?"

रूपालीनं रडायचं थांबवून माझ्याकडं बघितलं. ते बघणं विसरणार नाही. चाचा दारातून निघून गेले.

दीड महिना ज्या पानाचा आधार धरून बसलो, तेच पान.

भय्या ओरडले नाहीत. म्हणाले, "जा. बघू."

२१ जून, शनिवार

रूपाली मला पुन्हा सर म्हणते.

चाचा चहाला बोलावतात, पण बाबू म्हणत नाहीत. नुसतं दीपक. आज एवढंच म्हणाले, "मशीन कू एक मतलब आता था, उसने वही बोल्या. तुमकू दोनों आते थे."

दुसरं पोतं सापडलं नाही. मंठ्याच्या पुढं पाऊस झाला म्हणतात. पेरलं असेल. त्यानं गोणपाट भिजवलं असेल का. लाल रुमालवाल्याचं रान कसं दिसेल पंधरा दिवसांनी, एक सोडून एक. हे कोणत्याच तक्त्यात येणार नाही.

२४ जून, मंगळवार

पत्राबद्दल काहीच नाही. भय्या जाता-येता बघतात, मान हलवतात. मान कशाला हलवतात, हो की नाही, ते कळत नाही. आईला काही सांगितलेलं नाही. ती रोज विचारते, "परमनंटचं काय झालं?" मी म्हणतो बघू. त्यांचाच शब्द.

२७ जून, शुक्रवार

आज कामगारांच्या तक्त्यातले राहिलेले अर्थ भरायला घेतले. कोणी सांगितलं नव्हतं. अर्धवट सोडलेलं बघवत नाही.

माझी ओळ दिसली. नाव, गाव, रुजू तारीख. शेवटचा कॉलम baad. चार वर्षं तो रिकामा होता, शपथेवर सांगतो.

३० जून.

नोंद भय्यांची. काल दुपारी. त्यांना क्वेरी लिहिता येत नाही, म्हणजे त्यांनी ख ला साध्या भाषेत काहीतरी सांगितलं असणार आणि ख नं एकदा विचारून ते इथं आणून भरलं. 'दीपकला तीस जूननंतर परमनंट करा,' असं म्हणाले असतील तरी ख नं हेच भरलं असतं. 'दीपकला तीस जूननंतर बंद करा,' म्हणाले असतील तरी हेच.

लॉटच्या तक्त्यातला अर्थ मी दुरुस्त केला होता. या तक्त्यातला वेगळा असतो. इथं चौकटीत अजून फिकट अक्षरंच आहेत: 'या तारखेनंतर.' पुढं काही नाही. या तारखेनंतर काय, ते ख नं लिहिलेलं नाही. पहिल्यांदाच त्यानं काहीतरी मोकळं सोडलं.

खूण करायची का खोडायचं, ख विचारतो आहे. केबिन वीस पावलांवर. भय्या आत होते, दार उघडं होतं, एकटेच होते. एक प्रश्न विचारायचा. ग नं विचारला असता.

साडेसहाची गाडी घेतली.

चौकट तशीच आहे. मला दोन्ही अर्थ येतात.